कोंडवाडा क्रमांक एक्केचाळीस

बँगोर, मेन
११ जानेवारी २०१४

श्री. लेलँड हॉक्सी यांस,

ग्रीबच्या मेलिंग लिस्टवर लिहायची माझी ही पहिलीच वेळ. मी प्रोग्रॅमर नाही. वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली आणि बावीस वर्षं बियाण्यांच्या संग्रहात नोंदी ठेवण्याचं काम करते आहे. तेव्हा काही चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरात एक आजारी माणूस आहे. त्याच्या शरीरात आता फक्त डोळे आणि डावा गाल हलतो. गालाला एक बटण लावलेलं असतं. त्या बटणानं पडद्यावरची अक्षरं निवडून तो बोलायचा. अक्षरांचा हा फलक लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला आहे आणि पडद्यावरच्या खिडक्या व रांगा मांडायला तुमची ग्रीब ही तयार प्रोग्रॅमची लायब्ररी वापरतो. नाताळच्या आदल्या आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. फलकाची प्रत माझ्याकडे आहे, ग्रीबची नव्हती. ती तुमच्या इंटरनेटवरच्या पानावरून उतरवून घेतली. हॉस्पिटल देणार असलेलं तयार यंत्र जूनशिवाय येणार नाही.

ग्रीबच्या साठ फायली आहेत. एकोणपन्नासाव्या फायलीशी काम थांबतं आणि ‘सेटल-रो नावाचं फंक्शन अस्तित्वात नाही’ असा संदेश येतो. तीन वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी काय काय केलं ते वहीत लिहिलं आहे, हवं असल्यास पाठवीन.

आपली,
एन. प्रुइट


समरव्हिल, मॅसॅच्युसेट्स
१३ जानेवारी

श्रीमती प्रुइट,

ग्रीबसोबत इन्स्टॉल नावाची फाइल येते. ती वाचण्यासाठी असते. तिची चौदावी ओळ खास तुमच्यासाठी लिहिलेली आहे: ‘पायऱ्या जशा दिल्या आहेत तशा पाळल्या तर ग्रीब पहिल्या फटक्यात चालतं. चाललं नाही, तर पायऱ्या पुन्हा वाचा.’

वहीत लिहिलंत हे छान केलंत. आता वही मिटा आणि फाइल उघडा.

माझ्याकडे चालतं.

ले. हॉ.


बँगोर
२० जानेवारी

श्री. हॉक्सी,

इन्स्टॉल फाइल चार वेळा वाचली. तिसऱ्या वाचनात माझी एक चूक सापडली: फायली तपासण्याची पायरी मी गाळली होती. ती केली. आधीच्या प्रयत्नांत यंत्राच्या भाषेत उतरलेले जुने तुकडे कुठे राहिले असतील म्हणून ते सगळे पुसले, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. एकोणपन्नासाव्या फायलीशी तेच झालं.

मग साठही फायलींमध्ये ‘सेटल-रो’ शोधलं. अकरा ठिकाणी त्याला हाक मारलेली आहे, पण ते कुठेही लिहिलेलं सापडलं नाही. मला शोधता येत नसेल ही शक्यता मी नाकारत नाही.

ते कोणत्या फायलीत आहे एवढंच सांगाल का? एका ओळीचं उत्तर पुरेल.

एन. प्रुइट


समरव्हिल
२१ जानेवारी

बाई,

शोधता येत नाही ही शक्यता तुम्ही नाकारत नाही, आणि मी तर तिला खुर्ची देऊन बसवतो. आत्ताच माझ्या ग्रीबला विचारलं, सेटल-रो आहे का? ते म्हणालं, आहे. तुमच्या-माझ्यात खोटं कोण बोलतंय हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही.

आमच्याकडे पूर्वी गावोगाव कोंडवाडे असत. चुकलेली जनावरं मालक येईपर्यंत त्यात डांबून ठेवत. ग्रीबच्या पानावर मी तसाच एक कोंडवाडा सोळा वर्षं चालवतो आहे. वाचता न येणाऱ्यांची पत्रं मी तिथे नावानिशी टांगतो, म्हणजे पुढच्याला धडा मिळतो. आजपासून तुम्ही क्रमांक एक्केचाळीस. तुमच्या वहीचं वाचून लोक खूप हसतील. गालाचं वाक्य तसंच ठेवलं आहे. लोकांना दया यावी असा प्रयत्न याआधीही झालेला आहे, क्रमांक बारा पाहावा.

ले. हॉ.


बँगोर
९ फेब्रुवारी

श्री. हॉक्सी,

मी कोंडवाडा पाहिला. क्रमांक बाराच पाहावा म्हणून गेले आणि पहिल्यापासून एक्केचाळीसपर्यंत सगळा वाचला. त्याला तीन आठवडे लागले, कारण काम आणि घर सांभाळून रोज दोनतीनच पत्रं नीट वाचून होत.

पहिली पाच पत्रं १९९८च्या उन्हाळ्यापर्यंतची आहेत. त्यातली माणसं खरोखरच पायऱ्या चुकलेली दिसतात. त्यानंतरची छत्तीस पत्रं त्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतरची आहेत. त्यांपैकी एकतीस जण एकाच जागी अडले आहेत, सेटल-रोपाशी. बाकीचे पाच कुठे अडले ते त्यांनी लिहिलेलंच नाही. क्रमांक बारा ही ओहायोतली शाळेतली शिक्षिका. अंध मुलांसाठी ती काहीतरी करत होती.

बियाण्यांच्या एका पाकिटातलं एक बी उगवलं नाही तर आम्ही बियाला दोष देतो. एकतीस उगवली नाहीत तर पाकीट बघतो. ज्याच्याकडे ग्रीब चालतं असा माणूस मला एकच सापडला, तो म्हणजे तुम्ही. तुम्ही ग्रीब शेवटचं बंद करून, कोऱ्या जागेवर, या साठ फायलींवरून पुन्हा केव्हा उभं केलंत?

एन. प्रुइट


समरव्हिल
१० फेब्रुवारी

बाई,

हे लिस्टवर न टाकता खाजगी लिहितो, कारण तुमच्या अज्ञानाचीही थोडी लाज राखावी असं वाटलं.

आम्ही लिस्पवाले प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करत नाही. तो चालू असतानाच त्याच्या पोटात हात घालून बदल करतो आणि सगळं जसंच्या तसं जतन करतो. त्याला आम्ही जग म्हणतो. माझं जग मार्च १९९६पासून चालू आहे, त्याच यंत्रावर. लॅब बंद पडली तेव्हा यंत्र मी घरी आणलं. माझ्या नोंदी, चित्रं, सोळा वर्षांची पत्रं, सगळं त्या जगात आहे. ते बंद करून कोऱ्या जागेवर मांडा, असं मला बियांची पाकिटं मोजणारी बाई सांगते आहे.

आणि १९९८चं म्हणाल तर ते वर्ष मला चांगलं लक्षात आहे. ग्रीबमध्ये तेव्हा इरविन टॅलमन नावाचा एक भागीदार होता. आपल्याशिवाय हे उभं राहणार नाही असं त्याला वाटायचं. माझ्या तोंडावर म्हणाला, ‘माझ्या ओळी काढून बघ, दुसऱ्या दिवशी कोसळेल.’ तो गेला त्याच आठवड्यात मी त्याच्या सगळ्या फायली पुसल्या. त्याचं नाव पुसलं. कोसळलं नाही. गेली सोळा वर्षं रोज सकाळी कॉफी घेऊन मी ते न कोसळलेलं बघतो. तेव्हापासून त्या गृहस्थानं माझ्याशी एक शब्द काढलेला नाही. तोंड उघडायला जीभ लागते, ती त्याच्याकडे उरलेली नसावी.

ले. हॉ.


बँगोर
१४ फेब्रुवारी

लेलँड,

मी नोरीन. प्रुइट हे माझं माहेरचं नाव. टॅलमन नाव लिहिलं असतं तर तू पत्र उघडलंच नसतंस, म्हणून मी ते लपवलं. ती लबाडी होती आणि तिच्याबद्दल मी तुझी माफी मागते.

आजारी माणूस म्हणजे इरविन. नऊ वर्षं झाली. त्याच्या जिभेबद्दल तुझा अंदाज बरोबर आहे. ती २०१०मध्ये गेली.

आता जे लिहिते ते पुन्हा पुन्हा तपासून लिहिते आहे. तू फायली पुसल्यास, पण जग बंद केलं नाहीस. सेटल-रो त्या जगात त्याच्या हातचंच राहिलं. म्हणून तू विचारलंस तेव्हा ‘आहे’ असं उत्तर आलं. फायलींमध्ये ते नाही, म्हणून बाकी कोणालाच मिळालं नाही. तुझ्या कोंडवाड्यातली ती माणसं गाढवं नव्हती.

हे मी इरविनला सांगितलेलं नाही. मी तुला लिहिते आहे हेही त्याला माहीत नाही. नवा कॉम्प्युटर मी आतल्या खोलीत ठेवला आहे, त्याला आशा लागू नये म्हणून. यात मी चुकते आहे का, ते मला कळत नाही. सध्या आम्ही अक्षरांचा तक्ता वापरतो. एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा आहे, त्याच्यापलीकडून मी त्याची नजर कुठे आहे ते बघते. दिवसाला वीस अक्षरं होतात. मग डोळ्यांतून पाणी येतं आणि नजर ठरत नाही. वीस अक्षरांत तो ‘उशी’, ‘थंडी’, ‘खिडकी’ एवढंच सांगतो.

तू दर शनिवारी आमच्याकडे बीन्स खायला यायचास. दुसरी वाढणी घेताना ‘तुझ्या नवऱ्यासाठी नाही गं, बीन्ससाठी येतो’ म्हणायचास. त्या माणसाला मी लिहिते आहे. सेटल-रो तुझ्या जगातून काढून दे.

नोरीन


समरव्हिल
२७ फेब्रुवारी

नोरीन,

वाचलं.

तू म्हणतेस तसं आहे की नाही ते मी पाहिलेलं नाही आणि पाहणार नाही. असलंच, तर ते यंत्राच्या भाषेत आहे, ओळी मलाही दिसणार नाहीत. चालवून चालवून, कुठे काय करतं ते बघून पुन्हा लिहावं लागेल. तीनचार आठवड्यांचं काम आहे. मे महिन्यात प्रॉव्हिडन्सला लिस्पवाल्यांचा मेळावा आहे, तिथे ग्रीबला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल मला बोलायचं आहे. तरी मी करीन.

पण मागणारी तू नाहीस. ज्याला हवं त्यानं मागावं. त्याचा गाल गेला नाही, डोळे गेले नाहीत, वीस अक्षरं रोज होतात असं तूच लिहिलंस. ‘लेलँड, माझं चुकलं’ एवढं त्याला लिहायला सांग. मोजून पाहा, एका दिवसात बसतं. त्याचे शब्द हवेत. तुझे गोड शब्द मी बीन्सबरोबर पुष्कळ खाल्ले.

कोंडवाड्यातलं पत्र काढणार नाही. नाव हवं तर बदलून टॅलमन करतो.

लेलँड


बँगोर
२४ मार्च

लेलँड,

तुझं पत्र मी दोन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरले. मग इरविनला सगळं सांगितलं: जानेवारीपासूनचं, कोंडवाडा, सेटल-रो, तुझी अट. तुझी फेब्रुवारीतली दोन्ही पत्रं शब्दशः वाचून दाखवली. जिभेचं वाक्य गाळावं असं वाटलं होतं, पण गाळलं नाही. तो हसला. गालावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्ता धरला. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर येईल म्हणून मी वाट बघत होते. तो तक्त्यावर बघतच नव्हता, तक्त्याच्या बाहेर, डाव्या कडेला बघत होता. खिडकी? नाही. उशी? नाही. तो दिवस असाच गेला आणि मी चिडले. संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं की लिस्पची ओळ कंसानं सुरू होते, आणि त्याला हवी असलेली ती खूण तक्त्यावर नाहीच. मी पेन घेऊन डाव्या कडेला उघडणारा कंस काढला आणि उजव्या कडेला मिटणारा. त्यानं डोळे वर केले, म्हणजे हो.

तो तुझी माफी मागत नव्हता, सेटल-रो सांगत होता. नऊ दिवस, रोज वीस खुणा. त्या नऊ दिवसांत त्यानं दुसरं काही मागितलं नाही. मी रोज विचारायचे, काही दुखतंय का? तो डोळे खाली करायचा, म्हणजे नाही. शेवटचे चार कंस त्यानं एकापाठोपाठ बघितले आणि झोपला.

मी ते साठ फायलींच्या जोडीला ठेवलं. ग्रीब पहिल्या फटक्यात चाललं. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणला, फलक उघडला, गालाला बटण लावलं. तीन महिन्यांनी त्यानं जे पहिलं लिहिलं ते असं: ‘दात. खाली डावीकडे. सहा दिवस.’

मी विचारलं, मग रोज ‘नाही’ का म्हणालास? त्यानं लिहिलं, ‘हो म्हटलं असतं तर तू प्रश्न विचारत बसली असतीस. ओळी पूर्ण करायच्या होत्या.’

उद्या त्याला दाताच्या डॉक्टरकडे नेते आहे.

सेटल-रो मी या पत्राला जोडलेलं नाही. कोंडवाडा काढून टाक आणि त्या एकतीस जणांना लिहून कळव की चूक त्यांची नव्हती. मग पाठवते. ही अट माझी आहे, इरविनची नाही.

नोरीन


समरव्हिल
२५ मार्च

नोरीन,

अभिनंदन. तुम्ही दोघांनी मिळून तुमच्या घरापुरतं एक ठिगळ लावलंत. लोक लावतात. त्यामुळे मूळ कापड फाटलेलं होतं असं सिद्ध होत नाही.

पाठवू नकोस. पाठवलंस तरी उघडणार नाही. ग्रीबमध्ये त्या माणसाची एकही ओळ नाही आणि यायची नाही. मेळाव्यात मी हेच सांगणार आहे.

माझ्याकडे चालतं.

लेलँड

ता. क. दातासाठी लवंगेचं तेल. माझी आई वापरायची.


समरव्हिल
५ मे

नोरीन,

हे पत्र वाचून तू हसशील, तर हस.

मेळाव्याला न्यायचं म्हणून शुक्रवारी यंत्र बंद केलं. जग जतन केलं होतं, नेहमी करतो तसं, त्याच डिस्कवर. प्रॉव्हिडन्सला मंचावर चालू केलं तर डिस्क फिरेना. खालून कोणीतरी म्हणालं, ‘काका, पानावर फायली आहेत ना, तिथून उभं करा, दोन मिनिटांचं काम.’ त्यानं स्वतःचा कॉम्प्युटर दिला. साठ माणसं बसली होती. पडद्यावर फायली एकेक करून चढताना सगळ्यांना दिसत होत्या. एकोणपन्नासाव्याशी थांबलं.

मग मागून कोणीतरी अगदी हळू आवाजात म्हणालं, ‘पायऱ्या पुन्हा वाचा.’ आणि सगळे हसले. बराच वेळ हसले. त्यात कोंडवाड्यातले दोन जण होते, मी चेहरे ओळखत नव्हतो, नंतर त्यांनी क्रमांक सांगितले.

डिस्क दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणतो, जग परत येणार नाही. माझ्या वेगळ्या काढून ठेवलेल्या नोंदी निघतील, पण त्या ग्रीबशिवाय उघडत नाहीत. बायको गेली तेव्हाची पत्रं त्यात आहेत.

सेटल-रो मी तीनदा लिहून पाहिलं. रांगा एकमेकींवर चढतात. तो ते कसं करायचा हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. भांडण त्यावरूनच झालं होतं, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

कोंडवाडा काल काढून टाकला. एकतीस जणांना लिहिलं. एकोणीस पत्ते आता चालत नाहीत. क्रमांक बाराची शिक्षिका वारली.

इरविनला सांग, माझं चुकलं. मला त्या ओळी पाठव.

लेलँड


बँगोर
९ मे

लेलँड,

मी हसले नाही. हसू येईल का, हे बघायला पत्र दोनदा वाचलं.

दाताच्या डॉक्टरनं सांगितलं, पू हाडात उतरला आहे. पाच दिवस आधी आणलं असतं तर नुसता दात काढून भागलं असतं. इरविनला तोंड उघडता येत नाही, त्यामुळे ते बाहेरून कापून करावं लागलं. एप्रिलच्या चार तारखेला ऑपरेशन झालं. हाड वाचलं. गालाची नस गेली. बटण लावायला आता जागा नाही. फलक पडद्यावर उघडा असतो, रांगा नीट बसलेल्या असतात, पहिलं अक्षर उजळतं, दुसरं उजळतं, आणि कोणी दाबत नाही म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आम्ही परत तक्त्यावर आलो आहोत. दिवसाला आता बारा अक्षरं होतात.

फलक एकूण अकरा दिवस चालला. दोष कोणाचा किती, याचा मी वहीत हिशेब मांडून पाहिला. तुझ्या वाटणीला पुष्कळ येतो. माझ्या वाटणीलाही येतो. डिसेंबरातच मी इरविनला विचारलं असतं तर तुला लिहायची वेळच आली नसती. मी त्याला आशेपासून वाचवत होते.

तुझा निरोप त्याला दिला. तुझं चुकलं असं तू लिहिलंस, हे वाचून दाखवलं. त्यानं डोळे मिटून घेतले. त्याचा अर्थ काय, ते मी विचारलं नाही. बारा अक्षरं त्याला दुसऱ्या कशासाठी लागतील.

एक गोष्ट तुला कळायला हवी, कारण मी यापुढे काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, फलकाच्या अकराव्या दिवशी, मी त्याला तुझं पंचवीस मार्चचं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, याचं काय करू? त्यानं लिहिलं, ‘कधीतरी यंत्र बंद करावं लागेल त्याला. ओळी पाठवून ठेव. घाबरेल बिचारा.’ गालानं लिहिलेलं त्याचं ते शेवटचं वाक्य. तुला त्याचे शब्द हवे होते. हे आहेत.

तो कागद माझ्यासमोर आहे. नऊ ओळी, एकशे ऐंशी खुणा. उतरवून पाठवायला पाच मिनिटं लागतील. मी आज सकाळी बसलेही होते. मग उठून इन्स्टॉल फाइल उघडली. त्या नऊ ओळींऐवजी तुझी चौदावी ओळ जशीच्या तशी उतरवते आहे, एकही अक्षर चुकू नये म्हणून ताडून पाहिली आहे.

पायऱ्या जशा दिल्या आहेत तशा पाळल्या तर ग्रीब पहिल्या फटक्यात चालतं. चाललं नाही, तर पायऱ्या पुन्हा वाचा.

माझ्याकडे चालतं.

नोरीन टॅलमन